कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचाय? मग आधी दोघांच्या पाठी बघा

भिंतीवर ४३ इंची टीव्ही लटकतोय आणि लग्नाचे फोटो, गॅदरिंगचे व्हिडिओ, पोरांचे क्लास हे सगळं मात्र घरचे चारजण कॉम्प्युटरच्या बारक्या स्क्रीनसमोर दाटीवाटीने बसून बघतायत, असं अजून बऱ्याच घरात चालतं. जोडायला काही अवघड नाहीये हो. पण लोक करतात काय, आधी दुकानात जातात, दुकानदार "हे लागेल तुम्हाला" म्हणून कसलातरी कन्व्हर्टर हातात ठेवतो आणि घरी येऊन बघावं तर तो उलट्या दिशेचा निघतो. म्हणून खिशात हात घालायच्या आधी मोबाईलची टॉर्च लावा, टीव्ही आणि कॉम्प्युटर दोघांच्या पाठीमागे कुठकुठले पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, आहेत ते बघा आणि सरळ फोटोच काढून ठेवा.

दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर प्रश्नच मिटला, एक केबल घ्या, चित्र आणि आवाज दोन्ही त्यातूनच जातं. साध्या फुल एचडीला साधी केबल चालते, सोन्याचा मुलामा वगैरे सांगून कोणी तिप्पट पैसे मागत असेल तर नको म्हणा, डिजिटल सिग्नल आहे, एकतर नीट पोचतो नाहीतर ठिपके येतात नाहीतर स्क्रीन सारखी काळी होते, महागड्या केबलने रंग काही जास्त खुलत नाहीत. फक्त लांबी नीट मोजा, भिंतीच्या कडेकडेने केबल न्यायची असेल तर अंदाजापेक्षा बरीच जास्त लागते. टीव्हीच्या एखाद्या पोर्टवर एआरसी लिहिलेलं असतं, म्हणजे त्यातून टीव्हीचा आवाज बाहेरही जातो, तिथे कॉम्प्युटर लावला तरी चालतो पण साउंडबार असेल तर तो पोर्ट त्याच्यासाठी सोडा.

जुन्या कॉम्प्युटरला निळा, १५ पिनांचा व्हीजीए असतो. टीव्हीलाही व्हीजीए असेल तर लावा, पण त्यातून आवाज जात नाही, त्यासाठी हेडफोनच्या पिनेची वेगळी वायर टीव्हीच्या ऑडिओ इनमध्ये घालावी लागते. टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर "व्हीजीए टू एचडीएमआय" असा कन्व्हर्टर मागा, "एचडीएमआय टू व्हीजीए" नव्हे, दिसायला दोन्ही सारखेच असतात आणि सगळा घोळ इथेच होतो. बरोबरवाल्याला बहुतेक एक यूएसबीची शेपटी असते, ती कॉम्प्युटरला खोचायची म्हणजे त्याला करंट मिळतो. नुसती एका टोकाला व्हीजीए आणि दुसऱ्याला एचडीएमआय अशी साधी वायर कोणी दिली तर घेऊ नका, ॲनालॉगचं डिजिटल वायरीत आपोआप होत नसतं. डीव्हीआय, म्हणजे जुन्या मशीनवरचा रुंद, बहुतेक पांढरा पोर्ट, तो मात्र साध्या वायरीने चालतो, बहुतेक वेळा आवाज तेवढा वेगळा न्यावा लागतो. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर आणखी एक भानगड, प्रत्येक टाइप-सीतून चित्र बाहेर पडत नाही, काही नुसते चार्जिंग आणि डेटापुरते असतात, तेव्हा टाइप-सीला एचडीएमआय जोडून देणारा हब घ्यायच्या आधी आपल्या मॉडेलची माहिती नेटवर बघा.

डेस्कटॉपवाल्यांनी इथे जरा थांबा. कॅबिनेटच्या मागे वरच्या भागात यूएसबी आणि नेटच्या पोर्टांच्या गर्दीत एक एचडीएमआय दिसतो, तो मदरबोर्डचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाचा. आणि खाली आडव्या पट्टीवर दुसरा, कधीकधी प्लास्टिकचं टोपण लावलेला, तो ग्राफिक्स कार्डचा, म्हणजे चित्रासाठी वेगळं बसवलेल्या कार्डाचा. कार्ड असेल तर खालच्यातच लावायचं. वरच्यात लावलं की बऱ्याचदा "नो सिग्नल" येतं आणि माणूस केबलला शिव्या घालत बसतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे नुसता एफ असतो, १२४००एफ वगैरे, त्यात ग्राफिक्सच नसतं, मग वरचा पोर्ट शोभेचाच समजा.

आता हे कोणी सांगत नाही पण आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे: अर्थिंग. ज्या घरात अर्थिंग नीट नाही तिथे चालू कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर दिवा पेटतो. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे बॉडीवर थोडा करंट उतरतो आणि त्याला जमिनीत जायला वाटच नसते. त्यात टीव्हीला सेटटॉप बॉक्स, त्याला गच्चीवरून आलेली केबल, आणि आपण चालू मशीनला एचडीएमआय खोचतो, तेवढ्यात ठिणगी उडून पोर्ट जाऊ शकतो. म्हणून दोन्ही मशीन नुसती रिमोटने नाही तर बटणापासून बंद करा, प्लगही काढा, एचडीएमआय लावा आणि मग चालू करा, दोघांना एकाच बोर्डावरून लाइन दिली तर उत्तम. झिणझिण्या येतच असतील तर आधी वायरमनला बोलवा, टीव्ही कुठे पळून जात नाही.

लावून झालं की टीव्हीच्या रिमोटवर सोर्स दाबून जो पोर्ट वापरलाय तो निवडा. कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण दाबून पी दाबा, चार पर्याय येतात. डुप्लिकेट म्हणजे दोन्हीकडे तेच, एक्स्टेंड म्हणजे टीव्ही जादाची स्क्रीन, आणि सेकंड स्क्रीन ओन्ली म्हणजे फक्त टीव्ही. पिक्चर बघायचा असेल तर शेवटचाच घ्या, कारण डुप्लिकेटमध्ये जुन्या मॉनिटरचं कमी रिझोल्युशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) टीव्हीच्या गळ्यात पडतं आणि मग "एवढा मोठा टीव्ही पण धूसर दिसतोय" ही तक्रार सुरू. चित्र आलं पण आवाज कॉम्प्युटरमधूनच येतोय? खाली कोपऱ्यात स्पीकरच्या चिन्हावर जा, आउटपुटमध्ये टीव्हीचं नाव निवडा.

इथपर्यंत सगळे पोचतात आणि इथेच सोडून देतात. खरं काम यापुढे आहे, टीव्हीला हे पटवायचं की बाबा रे, समोर सेटटॉप बॉक्स नाही, कॉम्प्युटर आहे. खालचा टास्कबार अर्धा कापला जातोय ना, ते ओव्हरस्कॅन, डबा टीव्हीच्या काळापासूनची खोड, चित्र थोडं फुगवून कडा झाकायच्या. कॉम्प्युटरमध्ये खुडबुड करू नका, टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये जा, एलजीत जस्ट स्कॅन, सॅमसंगमध्ये फिट टू स्क्रीन, सोनीत फुल पिक्सेल असं काहीतरी सापडेल. मग अक्षरं. लाल किंवा निळी अक्षरं कडेला फिसकटल्यासारखी दिसत असतील तर टीव्ही रंगांचा तपशील कमी करतोय, सॅमसंग-एलजीच्या बऱ्याच टीव्हीत त्या इनपुटचं नाव किंवा प्रकार बदलून पीसी केला की एकदम फरक पडतो. शार्पनेस कमी करा, अक्षरांभोवतीची पांढरी झालर जाते. माउस मागे मागे रेंगाळतोय? गेम मोड लावा, खेळत नसलात तरी.

४के टीव्ही असेल आणि माउस अडखळत असेल तर डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, ते बघा, ३० हर्ट्झ असेल तर कारण तेच. एचडीएमआय १.४ वाल्या जुन्या मशीनमधून ४के फक्त ३० ला जातं, ६० ला २.० लागतं. मशीन नवीन असूनही ३० च दिसत असेल तर टीव्हीत इनपुट सिग्नल प्लस किंवा अल्ट्रा एचडी डीप कलर असं काही बंद असेल, ते चालू करा. तरी नाही जमलं तर सरळ १०८० वर, म्हणजे फुल एचडीवर, ६० ठेवा, सोफ्यावरून कोणाला कळतंय. आणि ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवर एक्सेल करायचं स्वप्न असेल तर सोडा, पॅनलच १३६६ बाय ७६८ चा असतो, डोळे दुखतील.

वायर नकोच असेल तर विंडोजबरोबर के दाबा, टीव्ही मिराकास्टवाला, म्हणजे वायरशिवाय स्क्रीन घेणारा, असेल तर यादीत दिसेल. गूगल टीव्ही दिसला नाही तर क्रोमच्या तीन टिंबांतून कास्ट करा. फोटो, यूट्यूबला ठीक आहे, गेमला नाही, आवाजही कधीकधी मागे पडतो.

लॅपटॉप झाकून ठेवायचा असेल तर पॉवर ऑप्शनमध्ये झाकण बंद केल्यावर काही करू नको अशी सेटिंग करा, पण मग तो गादीवर ठेवू नका, भयंकर तापतो. आणि एक्स्टेंडवर असाल तर काम झाल्यावर विंडोज आणि पी दाबून परत पीसी स्क्रीन ओन्ली करा. टीव्ही रिमोटने बंद केला तरी केबल लागलेली असली की कॉम्प्युटरला बऱ्याचदा वाटतं टीव्ही आहेच, मग दुसऱ्या दिवशी उघडलेली फाइल बंद टीव्हीवर जाऊन बसते आणि घरात "कॉम्प्युटर बिघडला" म्हणून बोंब. तसं झालंच तर ती विंडो निवडून विंडोज, शिफ्ट आणि डावा बाण एकदम दाबा, येते परत.