काचबिंदूच्या ऑपरेशननंतर घरी काय सांभाळायचं

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची जखम लवकर भरलेली बरी. काचबिंदूच्या ट्रॅबेक्युलेक्टॉमीत, म्हणजे डोळ्याचा दाब उतरवण्याच्या ऑपरेशनमध्ये, उलटं असतं. डोळ्यातलं पाणी झिरपावं म्हणून वरच्या पापणीखाली मुद्दाम वाट केलेली असते, ती बुजू द्यायची नसते. वाट जास्त मोकळी राहिली तर डोळ्याचा दाब पाऱ्याच्या 5 मिमीच्याही खाली उतरतो, बुजली तर पुन्हा चढतो. बऱ्याचशा गुंतागुंती या दोन टोकांच्याच. त्या वाटेवरचा टाका कधी सैल करायचा, लेझरने कधी कापायचा, हे पहिल्या काही आठवड्यांतल्या तपासण्यांत ठरतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा कंटाळा करून एकही फेरी चुकवू नका. गेलेली नजर या ऑपरेशनने परत येत नाही, उरलेली टिकवायची असते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ऑपरेशनआधीच सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. खोकला आणि बद्धकोष्ठताही सांगा. दाब कमी असताना जोर दिला तर डोळ्यात आत रक्तस्राव होऊ शकतो. अचानक असह्य कळ आणि अंधारी आली तर ते हेच असू शकतं, तासाभराचाही उशीर नको.

थेंबांचा घोटाळा घरोघरी होतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातले काचबिंदूचे थेंब बहुधा बंद होतात, दुसऱ्या डोळ्यातले चालूच असतात. बाटल्यांवर मार्करने ‘डावा’, ‘उजवा’ लिहून टाका. हात धुवा, दुधाळ स्टेरॉइडची बाटली हलवा, फक्त खालची पापणी ओढा. वरच्या पापणीला बोट लावायचं नाही, झिरपलेलं पाणी साठून झालेला फुगा तिथेच आहे. एक थेंब पुरे. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या, मलम शेवटी. स्टेरॉइड सुरुवातीला दर दोन तासांनीही असतं, मग महिना-दोन महिन्यांत हळूहळू कमी करतात. लाली गेली म्हणून मध्येच सोडलं की आतून व्रण धरतो आणि वाट बुजते. हे फार जण करतात.

झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची ढाल लावा. गॅसचा सिलिंडर, पाण्याचा कॅन उचलू नका. बाप्पापुढे साष्टांग नको, उभ्याने हात जोडा. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत कोपर लागायला वेळ लागत नाही, म्हणून रिक्षाच बरी, तीही चष्मा लावून. पोहण्याचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नावही काढू नका.

डोळ्यातून सारखं पाणी, सकाळी उशी ओली, नजर अंधुक: गळतीची शंका घ्या. दवाखान्यात केशरी रंग टाकून निळ्या प्रकाशात बघतात. गळतीपाशी रंग पातळ होऊन ओघळ दिसतो. उलट डोळा ठणकतोय, डोकं दुखतंय, मळमळतंय, तर दाब चढलेला असू शकतो. नजर थोडी धूसर राहणं मात्र पहिले काही आठवडे चालतं. चष्म्याचा नंबर घाईने काढू नका.

जंतुसंसर्गाची भीती वर्षांनंतरही राहते. पावसाळ्यात ठाण्यात, नवी मुंबईत डोळे येण्याची साथ आली की लोक केमिस्टकडून थेंब आणून गप्प बसतात. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हे चालणार नाही. लाली, चिकट स्राव, दुखणं किंवा उजेड सहन न होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रविवार असला तरी. फोन लावलात की पहिलं वाक्य हेच सांगा: ‘काचबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा लाल झालाय.’