सुपर ८ प्रिंटवर नवा साऊंड चढवायचा असेल तर

सुपर ८ म्हणजे ८ मिमी रुंदीची छोटी फिल्म. सिनेमाच्या अशा प्रिंटवरचा जुना साऊंड काढून डीव्हीडीचा स्वच्छ साऊंड कसा चढवायचा, ते सांगतो. आधी प्रिंटची कड नीट बघा. तपकिरी पट्टी दिसली तर मॅग्नेटिक साऊंड, म्हणजे कॅसेटसारखा, तिच्यावर परत रेकॉर्ड करता येतं. चित्राशेजारी फोटोसारखी छापलेली नागमोडी रेघ असेल तर तो ऑप्टिकल साऊंड, तो बदलता येत नाही, विषय संपला. मेन पट्टी रुंद असते, भोकांच्या बाजूला अजून एक बारीक पट्टी असते, स्टिरिओ करायचा तर ती पण वापरतात, पण त्यासाठी प्रोजेक्टर दोन ट्रॅकवाला हवा.

लोकांना वाटतं रेकॉर्ड बटण दाबणं म्हणजे मुख्य काम. नाही हो, ते शेवटची २० मिनिटं. खरी डोकेदुखी सिंकची, म्हणजे आवाज चित्राशी जुळवायची, आणि ती आधीच कॉम्प्युटरवर सोडवून ठेवायची.

म्हणून सगळ्यात पहिल्यांदा प्रिंटवरचा जुना साऊंड, कितीही घाण असो, त्याच प्रोजेक्टरवरून कॉम्प्युटरमध्ये घ्या. एकतर बॅकअप होतो, कारण नवीन चढला की जुना कायमचा गेला, आणि दुसरं म्हणजे हाच तुमचा गाईड. प्रोजेक्टर अगदी बरोबर सेकंदाला २४ फ्रेमने कधीच पळत नाही, थोडा पुढे थोडा मागे असतोच, ती सगळी लबाडी या गाईडमध्ये येते. आता ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये गाईड वर, डीव्हीडीचा स्वच्छ साऊंड खाली, आणि दार आपटलं, गोळी सुटली असे टोकदार आवाज एकाखाली एक आणत जायचं. डीव्हीडी पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही पद्धत) असेल तर ती बहुतेक २५ फ्रेमने म्हणजे साधारण ४ टक्के जोरात पळते, तिचा स्पीडच कमी करा, पिच पण आपोआप जागेवर येतो. प्रिंट काटछाट केलेली असेल तर साऊंड पण तसाच कापावा लागतो, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

तुटून टेपने जोडलेल्या प्रिंटला जास्त जपा. सुपर ८ च्या पट्टीवर आवाज चित्राच्या १८ फ्रेम पुढे असतो, म्हणजे २४ च्या स्पीडला पाऊण सेकंद. त्यामुळे मधल्या फ्रेम उडाल्या असतील तर आधी चित्र उडी मारतं आणि जुना आवाज पाऊण सेकंदाने मागून, तिथे गाईडवर डोळे झाकून विश्वास नको, चित्र बघून ठरवा. रेकॉर्ड करताना मात्र हे १८ मोजायची गरज नाही, पट्टीवर आवाज भरणारं हेड मुळात तेवढ्याच अंतरावर बसवलेलं असतं. आणि जोडाची टेप पट्टीवर आली असेल तर तेवढी टेपच कापून काढा, नाहीतर तिथे आवाज गायब.

मग हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डीमॅग्नेटाईज करा (त्यात साठलेलं चुंबकत्व काढा), प्रोजेक्टर दहा-पंधरा मिनिटं रिकामा पळू द्या म्हणजे स्पीड स्थिर होतो. लीडरवर, म्हणजे फिल्मच्या सुरुवातीच्या कोऱ्या तुकड्यावर, एका फ्रेमला खूण करून ती गेटमध्ये, म्हणजे लेन्समागच्या खिडकीत, ठेवायची आणि दरवेळी तिथूनच सुरू करायचं, गाईड घेताना पण. रेकॉर्डिंगची लेव्हल ऑटोवर ठेवू नका, मी पहिल्यांदा ठेवली होती तर दोन डायलॉगच्या मधे सूंऽऽ करून हिस वर यायचा. मॅन्युअलवर सगळ्यात मोठ्या सीनला सुई लाल रेघेच्या जरा आत.

एवढं करून पण मधेच आवाज सरकला तर प्रोजेक्टर थांबवायचा नाही. पुढच्या शांत जागेत फक्त साऊंड क्षणभर पॉझ करून किंवा किंचित पुढे ढकलून जुळवून घ्या. त्यासाठी ट्रॅकमधल्या शांत जागांवर आधीच खुणा करून ठेवा, अंधारात शोधत बसलात तर ती जागा निघून गेलेली असते.