तपासलेलंच पॅकेज स्टेबलमध्ये जाऊ द्या

आमच्या टीममध्ये कुणी नवीन रुजू झालं की मी त्यांना आधी कोड दाखवत नाही. डेबियन या लिनक्स सिस्टिमचा कुठलाही मिरर, म्हणजे तिच्या फायलींची प्रत ठेवणारा सर्व्हर, ब्राउझरमध्ये उघडायला सांगते. तिथे ‘पूल’ आणि ‘डिस्ट्स’ या दोन डिरेक्टऱ्या दिसतात. पूलमध्ये प्रत्यक्ष डेब फायली, म्हणजे पॅकेजेस, असतात आणि डिस्ट्समध्ये नुसत्या याद्या. अनस्टेबल (नुकतं आलेलं), टेस्टिंग (पुढच्या रिलीजची तयारी) आणि स्टेबल (वापरायला दिलेलं) यांची वेगवेगळी गोदामं नाहीत. गोदाम एकच आहे, याद्या तीन आहेत. एखादं पॅकेज अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्ये जातं तेव्हा फाईल जागची हलतही नाही. टेस्टिंगच्या यादीत तिचं नाव आणि चेकसम (फाईलची ओळख पटवणारा आकडा) चढतो, एवढंच.

रिलीजच्या कामात उतरणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण बऱ्याच ठिकाणी याच्या उलट चालतं. डेव्हलपमेंटचा बिल्ड तयार होतो, क्यूएची, म्हणजे तपासणीची, मंडळी तो दोन आठवडे घासूनपुसून तपासतात, सगळं हिरवं होतं, आणि मग कुणीतरी जेनकिन्स या बिल्ड चालवणाऱ्या साधनावर ‘रिलीज’ नावाचा जॉब चालवून त्याच टॅगवरून (सोर्समधल्या त्याच खुणेवरून) नवा बिल्ड करतं. मधल्या दोन आठवड्यांत बिल्ड मशीनवर कंपायलर अपडेट झालेला असतो, एखादी लायब्ररी बदललेली असते. म्हणजे तपासली एक फाईल आणि ग्राहकाकडे गेली दुसरीच. सोर्स सारखा आहे म्हणून बायनरी सारखी असेल, हे गृहीत धरता येत नाही. तसं असतं तर रिप्रोड्युसिबल बिल्ड्ससाठी (एकाच सोर्समधून दरवेळी हुबेहूब तीच फाईल निघावी यासाठी) लोकांना इतकी वर्षं झटावं लागलं नसतं.

तेव्हा बिल्ड एकदाच करायचा आणि पुढे चढवायचं ते पॅकेजचं नाव. लहान टीमसाठी ‘ॲप्टली’ हे पॅकेजची रिपॉझिटरी सांभाळणारं साधन मला सगळ्यात सोयीचं वाटतं. रोजचे बिल्ड एका लोकल रेपोमध्ये (रिपॉझिटरीत) टाकायचे, तपासणीला द्यायच्या वेळी त्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली यादी) घ्यायचा आणि तो पास झाला की ‘पब्लिश स्विच’ करून स्टेबल त्या स्नॅपशॉटकडे वळवायचं. स्नॅपशॉट बदलत नाही. उद्या काही बिघडलं तर स्विचची हीच कमांड जुन्या स्नॅपशॉटचं नाव देऊन चालवता येते. यासाठी जुने स्नॅपशॉट टिकवायला हवेत. डिस्क भरली म्हणून ते उडवायचे नाहीत, डिस्क वाढवून मागायची.

कधी चढवायचं याचा नियम लिहून ठेवलेला असावा. डेबियनमध्ये हा निर्णय ‘ब्रिटनी’ नावाचा प्रोग्राम घेतो. पॅकेज अनस्टेबलमध्ये सर्वसाधारणपणे ५ दिवस राहिलेलं हवं (अर्जन्सी, म्हणजे निकड, हाय असेल तर २, लो असेल तर १०), टेस्टिंगमध्ये नसलेला नवा गंभीर बग त्याने आणू नये, त्याचे बिल्ड सगळ्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) झालेले असावेत आणि ऑटोपीकेजीटेस्ट, म्हणजे पॅकेजच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या, मोडू नयेत. तुमच्या टीमला हेच आकडे लागू पडतील असं नाही. पण अट लेखी असली आणि ती मशीन तपासत असलं, की शुक्रवारी संध्याकाळी ‘एवढं एक जाऊ दे ना’ म्हणणाऱ्या वरिष्ठांना नव्या माणसाने नाही म्हणायची वेळच येत नाही.

आता व्हर्जन नंबर. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. समजा तुमचं पुढचं व्हर्जन २.४.० आहे आणि त्याआधी चाचणीसाठी एक रिलीज कॅन्डिडेट (आरसी) द्यायचा आहे. हात आपोआप ‘२.४.०-आरसी१’ लिहितो. डेबियनवर पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीच्या हिशेबात शेवटच्या हायफनपुढचा भाग म्हणजे पॅकेजची रिव्हिजन. ‘आरसी१’ आणि ‘१’ या रिव्हिजनची तुलना होते तेव्हा अक्षरांनी सुरू होणारी ‘आरसी१’ मोठी ठरते. परिणाम असा, की ज्या मशीनवर आरसी बसलाय तिथे खरं २.४.०-१ कधीच पोचत नाही. पॅकेज शोधून आणणाऱ्या ॲप्टच्या दृष्टीने त्या मशीनवर आधीच नवीन माल आहे. एररही येत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर उपाय टिल्ड (~). ‘२.४.०~आरसी१-१’ असं लिहा. क्रमात टिल्ड सगळ्याच्या आधी लागतो, अगदी रिकाम्या जागेच्याही आधी, त्यामुळे हे व्हर्जन २.४.०-१ पेक्षा लहान ठरतं. रोजच्या गिट बिल्डलाही हेच तत्त्व. २.५.० च्या दिशेने चाललेला बिल्ड ‘२.५.०~गिट’ आणि त्यापुढे तारीख, तर २.४.० नंतरचा ‘२.४.०+गिट’ आणि तारीख. नुसता कमिट हॅश कधीच लावू नका, हॅशला पुढेमागे असा क्रमच नसतो. शंका आली तर डीपीकेजीची ‘कम्पेअर-व्हर्जन्स’ कमांड चालवा, एका ओळीत उत्तर मिळतं. आमच्याकडे पब्लिश करण्याआधी ही तुलना स्क्रिप्टच करते, आणि नवा नंबर आधीच्यापेक्षा मोठा नसला तर जॉब तिथेच थांबतो. चुकीचा मोठा नंबर एकदा बाहेर गेला तर पुढे व्हर्जनच्या सुरुवातीला ‘१:’ असा इपॉक, म्हणजे बाकी सगळ्या आकड्यांवर मात करणारा आकडा, लावावा लागतो, आणि लावलेला इपॉक त्या पॅकेजला कायमचा चिकटतो.

बिल्ड कुठे करता हेही तितकंच महत्त्वाचं. डेबियन १२ म्हणजे बुकवर्म (जून २०२३) मध्ये जीलिबसी (बहुतेक प्रोग्रामना लागणारी सी लायब्ररी, तिचं पॅकेज लिबसी६) २.३६ आहे, डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सी (ऑगस्ट २०२५) मध्ये २.४१. ट्रिक्सीच्या लॅपटॉपवर बांधलेलं पॅकेज बुकवर्मच्या सर्व्हरवर टाकायला गेलात तर बरेचदा ‘लिबसी६ किमान २.३८ हवी’ अशी तक्रार येते. स्ट्रिंगचं आकड्यात साधं रूपांतर करणारं फंक्शनसुद्धा २.३८ पासून नव्या सिम्बॉलला (लायब्ररीतल्या नव्या नावाला) जोडलं जातं. म्हणून ज्या आवृत्तीसाठी पॅकेज द्यायचं, त्याच आवृत्तीच्या स्वच्छ क्रूटमध्ये (मशीनच्या आत उभ्या केलेल्या वेगळ्या सिस्टिममध्ये) बिल्ड करा. त्यासाठी एसबिल्ड किंवा पीबिल्डर आहेतच. आणि एकच सोर्स दोन्ही आवृत्त्यांसाठी बांधलात तर व्हर्जनच्या शेवटी ‘+डेब१२’, ‘+डेब१३’ असा फरक ठेवा. पूल एक असल्यामुळे एकाच नावाच्या दोन वेगळ्या फायली त्यात राहू शकत नाहीत. आणि १२ पेक्षा १३ मोठा असल्याने ग्राहकाने ओएस अपग्रेड केली की पॅकेजही आपसूक पुढे जातं.

डेव्हलपमेंटची रिपॉझिटरी चुकून कुणाच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर जोडली गेली तर? जोडली जाणारच, हे धरून चाला. तिच्या रिलीज फाईलमध्ये ‘नॉटऑटोमॅटिक: यस’ ही ओळ घाला. मग तिथल्या पॅकेजना ॲप्ट ५०० ऐवजी १ एवढीच प्रायॉरिटी देतं आणि मुद्दाम मागितल्याशिवाय काहीही बसवत नाही. डेबियनची एक्सपेरिमेंटल ही कच्च्या पॅकेजची यादी अशीच चालते. बॅकपोर्ट्समध्ये (स्टेबलसाठी बांधलेल्या नव्या व्हर्जन्सच्या यादीत) याच्या जोडीला ‘बटऑटोमॅटिकअपग्रेड्स’ असतं, म्हणून त्याची प्रायॉरिटी १००. ॲप्टलीत पब्लिश करताना या दोन्हींसाठी पर्याय आहेत.

रिपॉझिटरीवर डिजिटल सही करायच्या किल्ल्याही वेगळ्या ठेवा. डेव्हलपमेंटची किल्ली सीआय सर्व्हरवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या मशीनवर) असेल, तिथे अनेकांचा हात पोचतो. स्टेबलची किल्ली तिथे नको. आणि ग्राहकाला ॲप्टच्या सोर्सेसच्या फाईलमध्ये (पॅकेज कुठून आणायची हे सांगणाऱ्या) डेबियनसाठी ‘स्टेबल’ न लिहिता ‘बुकवर्म’ असं कोडनेम लिहायला सांगा, नाहीतर नवीन डेबियन आलं त्या दिवशी त्याच्या मशीनखालची जमीनच बदलते.

शिकायचं कसं, हा प्रश्न बरेच जण विचारतात. दोन व्हर्च्युअल मशीन घ्या, एकावर ॲप्टलीची रिपॉझिटरी उभी करा आणि दुसरं तिचं ग्राहक. छोटंसं शेल स्क्रिप्ट पॅकेज करा, त्याला आरसी द्या, स्टेबल द्या, मागे आणा. सोबत डेबियनच्या पॅकेज ट्रॅकरवर रोज वापरातलं एखादं पॅकेज शोधा आणि ते टेस्टिंगमध्ये जायचं का अडलंय याची तिथे दिलेली कारणं वाचा. कुठे एका आर्किटेक्चरवर बिल्ड पडलेला असतो, कुठे दुसऱ्याच पॅकेजची टेस्ट मोडलेली असते. मुलाखतीत मी उमेदवाराला असंच एक पान उघडून देते आणि हे पॅकेज पुढे का जात नाहीये ते सांग म्हणते.