लॅबव्ह्यूच्या मोठ्या डायग्राममध्ये हरवणं थांबलं ते असं

कामावर मोटर टेस्टिंगचा एक जुना लॅबव्ह्यू प्रोग्रॅम माझ्याकडे आला. लॅबव्ह्यूमध्ये कोड टाइप करण्याऐवजी चित्रं वायरींनी जोडून प्रोग्रॅम बनवतात. ब्लॉक डायग्राम, म्हणजे ही जोडणी जिथे असते ती विंडो, चार स्क्रीनभर पसरलेला. तापमानाचं रीडिंग मधेच शून्य दाखवत होतं आणि ती वायर नेमकी कुठून येते हेच सापडेना. स्क्रोलबार ओढून ओढून हात दुखायला लागला.

सुटका झाली ती तीन-चार शॉर्टकटमुळे. कंट्रोल-शिफ्ट-एन दाबलं की नॅव्हिगेशन विंडो उघडते. त्यात पूर्ण डायग्राम छोटा दिसतो, हवं तिथे क्लिक केलं की थेट तिथे पोचता येतं. फ्रंट पॅनलवरच्या (वापरणाऱ्याला दिसणाऱ्या स्क्रीनवरच्या) इंडिकेटरवर, म्हणजे रीडिंग दाखवणाऱ्या चौकटीवर, डबल क्लिक केलं की त्याचं टर्मिनल, म्हणजे वायर जोडायची जागा, डायग्राममध्ये समोर येतं. मग वायरवर तीनदा क्लिक करायचं. सगळी वायर, फाट्यांसकट, निवडली जाते आणि ती कुठून कुठे जाते ते लगेच कळतं. माझी वायर एका केस स्ट्रक्चरमधून बाहेर येत होती. ही चौकट परिस्थितीप्रमाणे वेगवेगळी ‘केस’ चालवते, पण एका वेळी एकच केस दिसते. कर्सर त्यावर ठेवून कंट्रोल धरून माउसचं चाक फिरवलं की एकेक केस पुढे सरकते. ‘एरर’च्या केसमध्ये टनेल (चौकटीच्या कडेवरची, वायर बाहेर पडते ती जागा) रिकामा, आणि वायर नसेल तर डिफॉल्ट मूल्य देणारा ‘यूज डिफॉल्ट इफ अनवायर्ड’ पर्याय चालू. शून्य तिथूनच येत होतं! मग लूपच्या मागच्या फेरीतलं मूल्य पुढे नेणाऱ्या शिफ्ट रजिस्टरमधून आधीचं रीडिंग त्या टनेलला जोडलं.

आता मी मोक्याच्या जागी कॉमेंटमध्ये ‘#तापमान’ असं लिहून ठेवते. २०१३च्या आवृत्तीपासून असे हॅशटॅग बुकमार्क मॅनेजर नावाच्या यादीत जमा होतात, तिथून थेट त्या जागी जाता येतं. मला तरी यातली सगळ्यात उपयोगी सोय हीच वाटते.