सिलिअ‍ॅकवरच्या नव्या औषधाची बातमी कशी वाचावी

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आपलीच प्रतिकारशक्ती आतड्याला इजा करते तो आजार; ग्लुटेन पूर्ण टाळणं हेच त्याचं पथ्य. ‘सिलिअ‍ॅकवर गोळी आली, आता काहीही खा’ असं कुणी हौसेनं पाठवलं, की मी आधी एकच गोष्ट शोधते: चाचणीत लोकांना रोज किती ग्लुटेन दिलं आणि किती दिवस? मथळ्यात हे नसतं. खाली जाऊन शोधावं लागतं.

उदाहरणार्थ, झेडईडी 1227 ही अजून चाचणीतली गोळी. आतड्यातलं ट्रान्सग्लुटामिनेज 2 नावाचं एन्झाइम ग्लुटेनच्या तुकड्यांत असा बदल करतं, की आपली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. ही गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. 2021 मध्ये निकाल आला: पथ्य पाळून बरं वाटत असलेल्यांना रोज 3 ग्रॅम ग्लुटेन, 6 आठवडे. गोळी घेणाऱ्यांच्या आतड्याच्या अस्तराचं नुकसान प्लासिबो (औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी) घेणाऱ्यांपेक्षा कमी झालं. ते वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण चुकून पोटात जाणारं ग्लुटेन बहुधा मिलिग्रॅममध्ये असतं. पण गहू नेहमीसारखा खाल्ला तर दिवसाला 10 ग्रॅमच्या पुढे सहज जातं, तेही आयुष्यभर. त्याची परीक्षा इथे झालेलीच नाही. म्हणून अशा औषधाकडे पथ्याला जोड म्हणून बघा, पथ्याला पर्याय म्हणून नाही.

मग बघा, मोजलं काय: रुग्णाला होणारा त्रास, की बायोप्सी, म्हणजे आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून केलेली तपासणी? लॅटिग्लुटेनेज पोटातच ग्लुटेनचे तुकडे करतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मोठ्या चाचणीत औषधवाले सुधारले आणि प्लासिबोवालेही तेवढेच सुधारले. चाचणीत नाव घातलं की माणूस पथ्य जास्त काटेकोर पाळतो, हे त्यामागचं एक कारण मानतात. म्हणूनच ‘रुग्णांना बरं वाटलं’ एवढ्यावर मी थांबत नाही. प्लासिबोच्या गटाचं काय झालं, ते वाचल्याशिवाय मत बनवू नका.

टप्पाही तपासा. लाराझोटाइड हे औषध तिसऱ्या टप्प्यापर्यंत, म्हणजे मान्यतेआधीच्या मोठ्या चाचणीपर्यंत, पोचलं होतं, तरी 2022 मध्ये ती चाचणी थांबवली. नेक्सव्हॅक्स 2 या लशीची 2019 मध्येच थांबली. आजवर सिलिअ‍ॅकसाठी एकाही औषधाला मान्यता मिळालेली नाही.

स्वतः चाचणीत जायचं मनात असेल, तर संमतीपत्र घरी आणून सावकाश वाचा. ‘ग्लुटेन चॅलेंज’ हे शब्द दिसले की थांबा: म्हणजे तुम्हाला मुद्दाम ग्लुटेन दिलं जाणार, आणि तुमच्या वाट्याला प्लासिबो आलं तर औषधाच्या आधाराशिवाय. बहुधा आधी आणि नंतर एन्डोस्कोपीही असते. रात्री पोट फार बिघडलं तर फोन कुणाला करायचा? चाचणी संपल्यावर टीटीजीची (सिलिअ‍ॅकमध्ये वाढणाऱ्या अँटीबॉडीची) रक्ततपासणी पुन्हा कोण करणार? गर्भधारणेचा विचार असेल तर चालेल का? उत्तरं लिहून मागा. मधेच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे, कारणही द्यावं लागत नाही. आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आधीच सांगा. ग्लुटेन खाणं सुरू असताना टीटीजी वाढलं, तर त्यांना कारण माहीत हवं.

दुकानात मिळणाऱ्या ‘ग्लुटेन पचवणाऱ्या’ गोळ्यांची या औषधांशी गल्लत करू नका. त्या पूरक आहार म्हणून विकल्या जातात. सिलिअ‍ॅकमध्ये त्यांच्या भरवशावर एक घासही खाऊ नका.