बोटीवरच्या इन्व्हर्टरवर ग्राइंडर चालवायचा, तर आधी वायर बघा

उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे उपयुक्त पाणीसाठा संपला, की करमाळ्याकडच्या काठाला बोटी चिखलात टेकतात आणि डागडुजीची कामं निघतात. पत्रा कापायचा, फायबरचा तळ घासायचा, नटबोल्टला भोकं पाडायची. विजेचा खांब दिसत असतो, पण वायर तिथवर पोचत नाही. मग बोटीवरच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडला जातो, ग्राइंडरचं बटण दाबलं की तो पीं-पीं करून बंद पडतो, आणि निदान ठरलेलं असतं: इन्व्हर्टर लहान पडला, मोठा घ्या. पुष्कळदा दोष इन्व्हर्टरचा नसतो, बॅटरीपासून त्याच्यापर्यंतच्या वायरचा असतो.

हिशोब असा. ४ इंची ग्राइंडर ८५० वॉटचा धरू. इन्व्हर्टर स्वतः १५ टक्के खातो, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीतून ८५० ÷ (१२ × ०.८५), म्हणजे ८३ अँपिअर सतत ओढले जातात. सुरू होताना क्षणभर याच्या दुप्पट-तिप्पट. ७ इंची, २००० वॉटचा ग्राइंडर लावला तर चालतानाच १९६ अँपिअर. घरात २३० व्होल्टवर हेच यंत्र ९ अँपिअरही घेत नाही, म्हणून जाडीचा अंदाज चुकतो.

तांब्याच्या १६ चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला साधारण १.१ मिलिओहम. बॅटरी मागे, इन्व्हर्टर पुढे, मध्ये ५ मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर झाली. २०० अँपिअरला तिथेच २.२ व्होल्ट पडतात. बॅटरी ताणाखाली ११.५ वर आली असेल तर इन्व्हर्टरला ९.३ मिळतात, आणि तो बहुधा १०.५ च्या आसपास कट होतो. बॅटरी ‘फुल’ दाखवते आणि इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणतो, त्याचं कोडं इथे सुटतं.

म्हणून पहिला बदल फुकटातला आहे. इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारी आणा, दीड मीटरच्या आत, आणि लांब करायची ती २३० व्होल्टची एक्स्टेन्शन. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने २० मीटर गेलात तरी अडीच व्होल्टच्या आसपास पडतात, ग्राइंडरला ते कळतही नाहीत. बॅटरीची वायर १००० वॉटपर्यंत ३५ चौरस मिलिमीटर, २००० वॉटला ७० ठेवा. वेल्डिंग केबल चालते, कारण ती लवचिक असते आणि बोटीच्या थरथराटाने तुटत नाही. फक्त घेताना टोक खरवडून बघा. बाजारात ॲल्युमिनियमचीही मिळते, ती नको.

लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायचं भोकाचं टोपण, हातोडीने ठोकून बसवू नका. हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबून घ्या, वर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसत्या कथलाच्या डागावर (सोल्डरवर) भरवसा नको, सांधा तापला की कथील वितळतं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच: ३५ च्या वायरला १५० अँपिअर, ७० च्या वायरला २५०. बोटीत वायर घासून शॉर्ट झाली तर पळायला जागा नसते.

हे झालं की तपासणी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, ग्राइंडर चालू करायला सांगा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरं इन्व्हर्टरच्या प्लस टर्मिनलवर. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर त्या मार्गात खोट आहे. मग एकेक सांधा वेगळा मोजा: खुंटी ते लग, लग ते फ्यूज. मायनसच्या बाजूलाही तसंच. बहुतेकदा पांढरी बुरशी धरलेली खुंटी किंवा सैल नट सापडतो.

बॅटरीचं सांगायचं तर १५० एएच (अँपिअर-तास) हा आकडा २० तासांत हळूहळू, म्हणजे साडेसात अँपिअरने रिकामी करायचा आहे. ८० अँपिअरने ओढली की ती तेवढी देत नाही. त्यातून घरगुती ट्यूब्युलर बॅटरी तासन्‌तास पंखा चालवायला बनलेली, अचानक मोठा झटका तिला मानवत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या दोन समांतर जोडा, आणि प्लस पहिल्या बॅटरीवरून, मायनस दुसऱ्यावरून काढा. दोन्ही वायरी एकाच बॅटरीवरून काढल्या तर तीच आधी मरते. अशा जोडीवर ८५० वॉटचा ग्राइंडर प्रत्यक्ष फिरण्याचे सव्वा तास मिळतात, तेही बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवून. त्याखाली रोज नेली तर आयुष्य झपाट्याने घटतं. छोट्या आउटबोर्ड इंजिनाच्या चार्जिंगवर ती लवकर भरत नाही. ५०० वॉटचं सोलर पॅनेल सोलापूरच्या उन्हात दिवसाला दोन युनिटच्या जवळ देतं, त्यावर ही जोडी पुन्हा भरते. लिथियम घेणार असाल तर तिच्या बीएमएसची, म्हणजे आतल्या संरक्षण सर्किटची, मर्यादा वाचा. १०० अँपिअरच्या बीएमएसवर २००० वॉट मागितले की ती सरळ दार बंद करते.

२००० वॉटच्या पुढे १२ व्होल्टचा नाद सोडा. त्याच दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट करा आणि २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घ्या. करंट निम्मा होतो, त्याच वायरीतली टक्केवारीतली घट चौथाई. दिवे आणि फिशफाइंडर १२ व्होल्टचे असतील तर त्यांना २४ ते १२ चा कन्व्हर्टर लावा. एकाच बॅटरीवरून परस्पर १२ काढण्याचा मोह होतोच. मग ती कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी चार्जिंगमध्ये उकळते.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा. स्पीड कमी-जास्त होणारे ड्रिल आणि कॉर्डलेसचे चार्जर स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवर बिघडू शकतात, इंडक्शन मोटर गुरगुरते आणि तापते. डब्यावरचा व्हीए म्हणजे वॉट नव्हे, ०.८ ने गुणा. आणि तो आकडा बहुधा थंड खोलीतला असतो. एप्रिल-मे मध्ये इथे पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या केबिनमध्ये त्याहून जास्त, म्हणून आणखी २५ टक्के सोडून द्या. चारही बाजूंना वीतभर मोकळी जागा, जमल्यास १२ व्होल्टचा एक पंखा.

काही उपाय ऐकायला स्वस्त वाटतात. दुरुस्तीवाला इन्व्हर्टरमधला ओव्हरलोडची मर्यादा ठरवणारा प्रीसेट फिरवून देतो किंवा करंट वाहून नेणारे दोन-चार मॉस्फेट वाढवतो. ट्रान्सफॉर्मर तोच राहतो, तो जळतो. दोन साध्या इन्व्हर्टरचे आउटपुट एकत्र जोडले तर लहरी जुळत नाहीत आणि दोन्ही जातात. कंपनीने पॅरलल जोडणीची केबल दिली असेल तरच ते करा, नाहीतर ग्राइंडर एकावर, ड्रिल दुसऱ्यावर. सुरुवातीचा झटका कमी करायचा असेल तर ग्राइंडरला सॉफ्ट-स्टार्टचं मॉड्यूल लावा, ते खरंच उपयोगी पडतं. पण कार्बन ब्रशच्या मोटरलाच. १ एचपीचा कॉम्प्रेसर चालताना हजार-अकराशे वॉट आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट मागतो, त्याला हे मॉड्यूल लागू नाही. तो आणि वेल्डिंग काठावर जनरेटरवर करा. अडीच मिलिमीटरच्या वेल्डिंग रॉडला ८०-९० अँपिअर लागतात, म्हणजे इन्व्हर्टरवर ३ केव्हीएच्या पुढचं काम.

आउटपुटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, लावा. तो चालण्यासाठी न्यूट्रल-अर्थ जोड लागतो. काही स्वस्त इन्व्हर्टरमध्ये दोन्ही तारा जिवंत असतात, तिथे हा जोड दिला तर यंत्र फुटतं, म्हणून मॅन्युअल बघूनच. लोखंडी बोट असेल तर हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. चार्ज होणाऱ्या लेड ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ग्राइंडरच्या ठिणग्या तिच्या आणि पेट्रोलच्या कॅनच्या विरुद्ध बाजूला उडतील असे उभे रहा, आणि फायबर घासताना मास्क विसरू नका, ती धूळ फुप्फुसात जाते.