इंजिनकामानंतर जुनी गाडी सुरू होत नसेल तर इग्निशन कसे तपासावे

इंजिनाचे काम होण्याआधी व्यवस्थित चालणारी गाडी काम झाल्यावर सुरूच होत नसेल किंवा मिसिंग करत (अडखळत चालत) असेल, तर बहुतेक वेळा एखादा भाग नेमका त्याच दिवशी निकामी झालेला नसतो. काम करताना जे सोडवले, सरकवले किंवा बाजूला बांधून ठेवले, त्यांपैकी काहीतरी परत जागेवर नीट बसलेले नसते. म्हणून नवी कॉइल (बॅटरीच्या विजेचा दाब वाढवणारा भाग) आणि नवे प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे) विकत आणण्याआधी हात कुठे कुठे लागला होता हे आठवावे आणि तपासणी तिथूनच सुरू करावी. पुढील माहिती डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) आणि पॉइंट (त्याच्या आतला, कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) असलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला धरून दिली आहे.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा, आसपास सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे आणि इग्निशन चालू असताना प्लगची वायर हातात धरू नये, कारण तिच्यातील दाब हजारो व्होल्टचा असतो.

सर्वप्रथम बॅटरी पाहावी. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात; स्टार्टर फिरत असताना हा आकडा साडेनऊच्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल यांचाच विचार करावा. त्यानंतर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी शोधावी. इंजिन उतरवताना ती काढावीच लागते आणि बसवताना ती हमखास विसरली जाते, किंवा ताज्या रंगावरच आवळली जाते. अशा वेळी स्टार्टर रडत रडत फिरतो आणि ठिणगीही अशक्त पडते.

आता ठिणगी पडते का, ते पाहावे. एक सुटा प्लग वायरला जोडून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला तारेने घट्ट बांधावे आणि दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला सांगावे. ही चाचणी करताना इंजिनातील प्लग काढू नयेत, कारण उघड्या भोकातून बाहेर येणारी पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. टक् आवाजासह निळसर ठिणगी पडली, तर दोष बहुधा ठिणगीच्या वेळेत किंवा क्रमात असतो. ठिणगीच नसेल, तर कॉइलकडे वळावे.

कॉइलच्या ऋण टोकाला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या बारीक वायरच्या टोकाला, टेस्ट लॅम्प (वीज आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावून त्याचे दुसरे टोक अर्थला जोडावे आणि स्टार्टर मारावा. दिवा लुकलुकत असेल, तर पॉइंट उघडझाप करत आहेत. तो सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा मिटूनही त्यांतून प्रवाह जात नाही. नव्या पॉइंटच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून लावलेला चिकट थर असतो आणि तेलकट फीलर गेज (अंतर मोजण्याची पातळ पट्टी) फिरवल्यानेही तसाच थर बसतो, तो कोऱ्या पुठ्ठ्याची पट्टी ओढून काढता येतो. दिवा पेटतच नसेल, तर कॉइलच्या धन टोकाला वीज पोहोचते का ते पाहावे. तिथे वीज असूनही दिवा लागत नसेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या आतील टर्मिनलचे छोटे प्लास्टिकचे वॉशर तपासावे. ते चुकीच्या क्रमाने चढवले की वायर कायमची अर्थ होते. सगळे भाग नवे असूनही गाडी न पेटण्याचे हे एक फार चकवणारे कारण आहे. पॉइंटचे अंतर पुष्कळ इंजिनांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा.

चावी धरून ठेवली की इंजिन पेटते आणि सोडताच बंद पडते, असा प्रकार असेल, तर बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारी वीज कमी करणारा रोधक) किंवा त्याची वायर तुटलेली असण्याची शक्यता मोठी आहे. स्टार्टरच्या वेळी कॉइलला थेट वीज मिळते, चावी सोडल्यावर मात्र ती या रेझिस्टरमधून यावी लागते.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, पण इंजिन फक्त कार्ब्युरेटरमधून फटके मारते, अशी स्थिती असल्यास डिस्ट्रिब्युटर अर्ध्या फेऱ्याने उलटा बसला आहे का ते पाहावे. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटरची एक फेरी होते. त्यामुळे पुलीवरची टीडीसीची (पिस्टन सर्वांत वर असल्याची) खूण दोनदा समोर येते आणि त्यांपैकी एकदाच पहिला सिलिंडर पेटण्याच्या तयारीत असतो. हे ओळखण्यासाठी इग्निशन बंद करून पहिल्या सिलिंडरचा प्लग काढावा, भोकावर अंगठा दाबावा आणि पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवावे. हवा अंगठ्याला बाहेर ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक समजावा आणि खूण जुळेपर्यंत फिरवत न्यावे. या क्षणी रोटरचे (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणाऱ्या भागाचे) टोक त्याच्या कॅपमधील (झाकणातील) पहिल्या सिलिंडरच्या वायरकडे हवे. तिथून पुढच्या वायरी फायरिंग ऑर्डरनुसार (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाने) आणि रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने लावाव्यात. चार सिलिंडरच्या इंजिनात हा क्रम बहुधा १-३-४-२ असतो, काहींत १-२-४-३ असतो. क्रम बरोबर पण दिशा उलटी, ही गफलत फार आढळते. हे सगळे जुळूनही फटके थांबत नसतील, तर टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या खुणा पुन्हा उघडून पाहाव्या लागतात.

इंजिन सुरू होण्याइतके टायमिंग (ठिणगीची वेळ) टेस्ट लॅम्पनेच लावता येते. पुलीची खूण मॅन्युअलमधील अंशांवर आणावी, इग्निशन चालू करावे, डिस्ट्रिब्युटरचा क्लँप सैल करावा आणि टेस्ट लॅम्प नेमका पेटेल त्या जागी डिस्ट्रिब्युटर थांबवून क्लँप आवळावा. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या उलट दिशेने फिरवला की ठिणगी लवकर पडते. स्टार्टर मारताना इंजिन झटका देऊन अडखळत असेल, तर ती फार लवकर पडते आहे. गाडी ओढत नसेल आणि गरम होत असेल, तर उशिरा.

इंजिन गरम झाल्यावर डिस्ट्रिब्युटरला जोडलेली व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, टायमिंग लाइटने (ठिणगीच्या क्षणी चमकणाऱ्या दिव्याने) अंश पाहावेत, क्लँप पक्का करावा आणि आवळताना खूण सरकली नाही ना, हे पुन्हा एकदा लाइट मारून तपासावे.